चाकांवरचे घर आणि फोंड्याचे घर: लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबासाठी

दहा महिने गाडीत राहून देश पाहण्याचा बेत ठरला तेव्हा आम्ही सर्वप्रथम नकाशा पसरला होता. कुठल्या ऋतूत कुठला प्रांत, कुठला घाट केव्हा उघडतो, मुलांना दिवसाला किती किलोमीटर झेपतील, यावर नवऱ्याने आणि मी दोन महिने खल केला. मागे गोव्यात फोंड्याला राहणाऱ्या सासू-सासऱ्यांसाठी मात्र 'फोन करत राहू' एवढीच आमची योजना होती. ती तिसऱ्या आठवड्यातच मोडली. गाडीत पलंग कसा बसवावा, पाण्याची टाकी किती लिटरची घ्यावी याविषयी हवी तेवढी माहिती मिळते, म्हणून त्यात मी शिरत नाही. हा लेख आहे तो घरी राहिलेल्या माणसांची आठवण घेऊन प्रवास कसा करावा आणि त्यांनाही आपल्याशिवायचे दिवस कसे सुसह्य व्हावेत, याविषयी. अनुभवाने माझे मत असे झाले आहे की फोनची संख्या वाढवल्याने आठवण कमी होत नाही. घरच्यांना आपल्या प्रवासात काही काम असेल, आपल्यावर घरची काही जबाबदारी असेल आणि पुढच्या भेटीची तारीख दोन्हीकडे ठाऊक असेल, तर ती सोसवते.

पहिली पायरी: पंचांग उघडणे

गोव्यातल्या हिंदू कुटुंबाला वर्षाचे दोन खांब आयते मिळालेले आहेत. एक चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आणि दुसरे तुळशीचे लग्न. चवथीला मूळ घरी सगळे जमतात, मग कोणी मुंबईत असो वा आखातात. जहाजावर नोकरी करणारे तारवटीसुद्धा रजेचा हिशेब चवथीवरून लावताना आम्ही पाहिले आहेत. म्हणून माझा सल्ला असा की तुळशीचे लग्न आटोपून निघावे आणि पुढच्या चवथीच्या किमान आठ दिवस आधी परतावे. गोव्यातला पावसाळा संपलेला असतो, हिवाळ्यात दक्षिणेत हिंडायला हवा चांगली असते, मे-जूनपर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचता येते आणि परतीचा प्रवास आपोआप चवथीकडे वळतो.

तारीख मात्र गेल्या वर्षीच्या आठवणीवर ठरवू नये. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. अठरा दिवसांचा हा फरक ध्यानात न घेता कोणी परतीचा बेत आखला, तर एकतर हिमाचलातले दोन आठवडे वाया जातील किंवा तयेच्या (हरतालिकेच्या) दिवशी घरच्यांवर वाट पाहण्याची पाळी येईल.

तारीख नक्की झाली की ती घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सासूबाईंच्या हातून लिहवून घ्यावी. आपण सांगितलेली तारीख आणि त्यांनी स्वतः लिहिलेली तारीख यांत फार अंतर आहे. मध्ये एक छोटी भेटही ठरवावी. सलग दहा महिने न भेटता राहणे सत्तरी ओलांडलेल्या माणसांवर लादू नये, असे मला ठामपणे वाटते. ही मधली भेट दोन प्रकारे होते: आपण गाडी कुठेतरी सुरक्षित लावून रेल्वेने घरी यायचे, किंवा आजी-आजोबांना प्रवासातल्या एखाद्या सोयीच्या गावी बोलावायचे. आम्ही दुसरा मार्ग निवडला. त्यांना गाडीत झोपवण्याचा हट्ट केला नाही. रेल्वे स्थानकापासून जवळ, तळमजल्यावरची खोली आठ दिवसांसाठी घेतली आणि गाडी तिच्या दारात उभी केली. नातवंडांचे ते फिरते घर त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावर पुढच्या फोनमधली निम्मी काळजी नाहीशी झाली, कारण 'मुले कुठे झोपतात' या प्रश्नाचे उत्तर आता त्यांच्याकडे होते.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता सुरू होते. चवथीच्या गाड्या फार लवकर भरतात. २०२६ मध्ये ४ सप्टेंबरला निघायचे असेल तर ६ जुलैची सकाळ त्यासाठी राखून ठेवावी लागेल, आणि त्या सकाळी आपण जिथे असू तिथे नेटवर्क असेल याची आदल्या दिवशीच खात्री करावी. तात्काळचा पर्याय आहेच, तो प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी १० वाजता आणि इतर डब्यांसाठी ११ वाजता उघडतो. पण चार-पाच माणसांच्या कुटुंबाने त्याच्या भरवशावर राहू नये. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या मंद चालतात, हेही हिशेबात धरावे.

परतीचे पैसे वेगळे

प्रवासाच्या अंदाजपत्रकात इंधन, जेवण, दुरुस्ती यांच्या आधी एक ओळ लिहावी: सगळ्या कुटुंबाला देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दुसऱ्या दिवशीपर्यंत घरी पोहोचता येईल एवढी रक्कम. तिला हात लावायचा नाही, गाडीचे इंजिन बसले तरी नाही. प्रत्येक मोठ्या मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांत जवळचा विमानतळ कोणता, तिथवर रस्त्याने किती तास आणि रात्री तो रस्ता चालू असतो का, एवढे तीन प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे काढावीत. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. तिकीट घाईत काढताना कुठल्या विमानतळाचे आहे ते पाहावे. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या माणसाला मध्यरात्री उत्तरेकडच्या मोप्याला उतरून घर गाठायचे आणि उत्तर टोकाच्या पेडण्यातल्या माणसाला दाबोळीला उतरून, या दोन्हींत एका प्रवासातून दुसरा प्रवास सुरू होतो.

मागे राहणाऱ्यांची व्यवस्था

या भागासाठी किमान सहा आठवडे द्यावेत, कारण यातली निम्मी कामे कागदांची नसून बोलण्याची आहेत.

आधी कागद. वृद्धांच्या आरोग्याची एकच फाइल करावी: चालू औषधांची नावे आणि मात्रा, ॲलर्जी, रक्तगट, मागच्या तपासण्या, आरोग्य योजनेचे कार्ड, आधारची प्रत. ही फाइल कपाटात न ठेवता दिवाणखान्यात, शेजाऱ्यालाही सापडेल अशा जागी ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत क्रमांक लिहावेत: तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठांच्या मदतवाहिनीसाठी १४५६७. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तुळशीच्या लग्नानंतर निघणाऱ्या कुटुंबाच्या गडबडीत तो हमखास राहून जातो. ऐंशी वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांसाठी ही सोय १ ऑक्टोबरपासूनच सुरू होते. फोनवर चेहऱ्याची ओळख पटवून हा दाखला घरबसल्या देता येतो, तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या हातानेच ते काम उरकावे.

मग माणसे. एका माणसावर सगळा भार टाकू नये. आम्ही दोन व्यक्ती ठरवल्या: एक नणंद, जी मडगावला असते आणि रुग्णालयात काय करायचे याचा निर्णय घेऊ शकते, आणि एक शेजारी, जो दहा मिनिटांत दारात उभा राहू शकतो. निर्णय घेणारा आणि धावून जाणारा या दोन भूमिका वेगळ्या असतात, आणि बहुतेक घरांत हे आणीबाणीच्या वेळीच कळते. शेजाऱ्याकडे घराची एक किल्ली द्यावी. त्याला 'देव बरें करूं' म्हणून मोकळे होऊ नये; त्याच्या घरच्या कुठल्या कामात आपण दूरवरून मदत करू शकतो ते विचारावे. आमच्या शेजाऱ्याच्या मुलीचे महाविद्यालयीन अर्ज मी गाडीतून भरून देत असे.

घराचीही निगा आहे. प्रवास पावसाळ्यात शिरणार असेल तर कौले फेरणे, पन्हळी साफ करणे, अंगणातल्या माडाचे वाळलेले झाप आणि नारळ उतरवणे ही कामे मे महिन्यात कोण करून घेणार, ते नोव्हेंबरातच ठरवावे. आषाढात वीज जाते तेव्हा फोन, इंटरनेटचे यंत्र आणि एक दिवा चालू राहील एवढा इन्व्हर्टर बसवणे हा आमच्या मते सर्वांत उपयोगी पडलेला खर्च होता.

आता बोलण्याचे. आपल्याकडची वडीलधारी माणसे दुखणे लपवतात. 'तुम्ही एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर कशाला' हे वाक्य प्रत्येक घरात आहे. आमचे सासरे पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरले आणि आम्हाला ते नवव्या दिवशी कळले, तेही नणंदेच्या बोलण्यातून ओघाने निसटले म्हणून. मनगट मुरगळले होते, मोठे काही नव्हते. पण त्यानंतर महिनाभर मला त्यांच्या 'सगळे ठीक आहे' या वाक्यावर विश्वास ठेवता येईना, आणि दूर असलेल्या माणसाला तो अविश्वास दुखण्याहून जड जातो. म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एक करार करावा: पडणे, ताप, दवाखान्याची फेरी, गाडीचा अपघात, मुलांचे आजारपण, हे त्याच दिवशी सांगायचे. त्याबदल्यात ऐकणाऱ्याने लगेच 'परत या' किंवा 'आम्ही निघतो' असे म्हणायचे नाही, आधी पूर्ण ऐकून घ्यायचे. त्याच बैठकीत अवघड प्रश्नही विचारावा. घरात कोणाचे बरेवाईट झाले तर बातमी कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी द्यायची? गाडी चालवणाऱ्याला वाटेत फोनवर ती कधीच देऊ नये, गाडी थांबवल्याची खात्री करून शेजारी बसलेल्याला द्यावी. सासऱ्यांनी हा विषय आमच्यापेक्षा सहज बोलून टाकला, आणि वर 'माझ्यासाठी कोणी रात्रीचा घाट उतरायचा नाही' अशी अटही घातली.

गाडीचे कागद, थोडक्यात

परवाना आणि नोंदणीपत्र डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र प्रवासाच्या मध्येच संपणार नाहीत असे पाहावे. गोव्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या एका राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. फिरत्या कुटुंबाला हा नियम सहसा लागू पडत नाही, पण एकाच राज्यात रमलात तर लक्षात असू द्यावा. खाजगी कार, जीप व व्हॅनसाठी फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागला. सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती आणि तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी होईल तोवर चालतो. तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांपुरताच आहे.

फोनची शिस्त

आमची चूक अशी झाली की सुरुवातीला आम्ही दिवसातून तीन-चार वेळा, मिळेल तेव्हा फोन करत होतो. मुलांना धबधब्यापाशी थांबवून 'आजीला हाय कर' म्हणायचे, तिकडे आजीच्या हातात पीठ, इकडे आवाज तुटलेला. प्रत्येक फोन अर्धवट संपत होता आणि अर्धवट फोननंतरची संध्याकाळ फोन न केलेल्या संध्याकाळीपेक्षा वाईट जात होती.

त्यावर पुढील पद्धत बसली. रोज मुक्कामी पोहोचल्यावर एक लेखी निरोप: गावाचे नाव, गाडी कुठे उभी आहे, सगळे जेवले की नाही. हा निरोप कितीही थकवा असला तरी चुकवायचा नाही, कारण तो आला नाही तर तिकडे झोप लागत नाही. पुढे नेटवर्क नसेल तर तेही आधीच सांगायचे आणि 'परवा संध्याकाळपर्यंत निरोप आला नाही तरच काळजी करावी' अशी मुदत द्यायची. मग आठवड्यातून दोनदा लांब फोन, ठरलेल्या वारी, सांजवातीनंतर. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर व लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. म्हणून कुटुंबातला एक तरी क्रमांक पोस्टपेड करून घ्यावा आणि दुसरा वेगळ्या कंपनीचा ठेवावा.

लांब फोनवर मुलांना बोलते करणे हे खरे कौशल्याचे काम आहे. 'काय पाहिलेस' असे विचारले की सहा वर्षांचे मूल 'काही नाही' म्हणते. गप्पांऐवजी काम द्यावे. आमचे सासरे निवृत्त शिक्षक; त्यांच्याकडे थोरल्याचे गणित आले. गाडीने आज किती किलोमीटर कापले, डिझेल किती लागले, सरासरी किती पडली, हे उदाहरण तो सोडवायचा आणि आजोबा फोनवर तपासायचे. सासूबाईंकडे धाकटीची झोपेची गोष्ट आली. आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि वाचणे-लिहिणे मराठीत. त्यामुळे गोष्ट सांगितली जायची कोकणीत आणि तिचे नाव धाकटी वहीत मराठीत लिहायची. नेटवर्कचा भरवसा नव्हता, म्हणून सासूबाईंनी वीसेक गोष्टी आधीच ध्वनिमुद्रित करून दिल्या होत्या. त्याच वेळी आम्ही आणखी काही आवाज टिपून घेतले: पहाटेच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा, मंगेशीच्या सोमवारच्या पालखीची वाद्ये, कौलांवरचा पाऊस. हे आवाज वाटेल तेव्हा लावू नयेत. एकदा मी सहज भोंगा लावला आणि धाकटी पाव आणायला गाडीचे दार उघडून खाली उतरली. त्यानंतरचा अर्धा तास समजूत काढण्यात गेला.

पोस्टकार्ड

साधे पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळते. प्रत्येक मुक्कामावरून एक, मुलांच्या हस्ताक्षरात, एवढा नियम पुरेसा आहे. लेहसारख्या ठिकाणी, जिथे उंचीची सवय होण्यासाठी पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावीच लागते, तिथे पत्रांचा मोठा फडशा पाडता येतो. पत्रे उशिरा आणि मागेपुढे पोहोचतात, तेच त्यांचे बलस्थान: आपण पुढच्या प्रांतात गेल्यावरही मागच्या प्रांताचे पत्र येऊन पडते आणि घरच्यांना विषय मिळतो. घरून काही मागवायचे असेल तर आठ-दहा दिवस जिथे राहणार त्या मोठ्या गावी, ओळखीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने मागवावे. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालेले आहे.

शिदोरी

घरची आठवण सर्वांत आधी पोटातून येते. आमसुले, उकडे तांदूळ, कुळीथ, माडाचा गूळ, घरचा मसाला आणि आंबाड्याचे लोणचे एवढे न्यावे. या सहा वस्तू टिकतात आणि जागा थोडी घेतात. सोलकढीला नारळ दक्षिणेत सगळीकडे मिळतो, उत्तरेत महाग आणि जुना मिळतो, तेव्हा सोलांची फुटी कढी करावी, तिला नारळ लागत नाही. सुके बांगडे आणि सुंगटे (कोळंबी) नेण्याचा मोह मात्र आवरावा. बंद गाडीत त्यांचा वास आठवड्यात गाद्यांना लागतो आणि मग आठवण नको तितकी जवळ येते.

उकड्या तांदळाविषयी एक तांत्रिक गोष्ट. दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. लेहच्या ३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या भांड्यात उकडा तांदूळ तिथे तासभर ठेवला तरी टचटचीत राहतो, म्हणून प्रेशर कुकर लागतोच आणि तांदूळ आदल्या रात्री भिजवावा लागतो. आजाऱ्याला पेज देण्याची आपली सवय लक्षात घेता ही माहिती चैनीची नाही.

मुलांचे रुसवे ओळखणे

मूल 'मला आजीची आठवण येते' असे क्वचित म्हणते. पोट दुखते, जेवण आवडत नाही, भावंडाशी भांडण होते, आणि हे सारे दिवेलागणीला वाढते. तेव्हा दिवेलागणीला गाडी चालू नसावी हा आमचा पक्का नियम झाला: चार वाजता मुक्काम, सहाला शुभंकरोती, मग जेवण. जागा रोज बदलत असली की वेळ तरी बदलू नये. आठवड्यातले किमान चार दिवस एकाच ठिकाणी काढावेत. शाळेचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. मुख्याध्यापकांशी लेखी बोलणी करावीत, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या पायाभूत स्तरांची चौकशी करावी, ज्यांत क, ख, ग हे तीन टप्पे तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष धरले जातात.

आपली भाषा कानी पडणे हा आठवणीवरचा चांगला उतारा आहे, आणि तो वाटेवर जागोजागी मिळतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा भलामोठा मराठी शिलालेख आहे. थोरल्याने देवळाच्या भिंतीवर देवनागरी पाहिली आणि तासभर तिथून हलला नाही. कोचीच्या तिरुमला देवस्वम मंदिराच्या परिसरात कोकणी कानावर येते, ती आपल्याहून वेगळ्या हेलाची असली तरी सासूबाईंना फोनवरून लगेच ओळखता आली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे मराठी घरे पिढ्यान्पिढ्यांची आहेत. अशा गावी सणाचा दिवस येईल असा मार्ग आखावा. रस्त्याच्या कडेला एकट्याने सण साजरा करणे मुलांना फार उदास करते.

परत आल्यावर

परतीची तयारी महिनाभर आधी सुरू करावी. घरी आपल्या खोलीत काय बदलले, कोणते झाड पडले, कोण थकले, हे फोनवर विचारून मुलांना सांगावे, म्हणजे दारात पाय ठेवल्यावर त्यांना धक्का बसत नाही. आजोबा काठी वापरू लागले आहेत हे आम्ही सांगितले होते. आजीचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत हे सांगायचे राहिले, आणि धाकटी पहिल्या संध्याकाळी तिच्याजवळ गेली नाही.

पहिले आठ दिवस कोणाची आमंत्रणे घेऊ नयेत. मुलांना काही रात्री अंगणात उभ्या केलेल्या गाडीतच झोपावेसे वाटेल, झोपू द्यावे. वडीलधाऱ्यांची दहा महिन्यांत स्वतःची शिस्त बसलेली असते, जेवणाची वेळ, बातम्यांचा आवाज, न्हाणीघराचा क्रम, तिच्यात आपणच हळूहळू शिरावे. प्रवासाचे फोटो एकदम दाखवू नयेत, रोज रात्री एका प्रांताचे दाखवावेत. त्यासाठी घरी आलेली पोस्टकार्डे क्रमाने लावून ठेवण्याचे काम आजोबांकडे आधीच द्यावे.

मग चवथीचा बाजार. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या मांडणीसाठी, फोंड्याच्या बाजारात जाताना आम्ही नेहमी दोघेच जात असू. त्या वर्षी यादी सासूबाईंनी जुलैपासून फोनवर धाकटीकडून लिहून घेतली होती. सुपारीचा घोस, नारळाची पेंड, तवशी, निरफणस, कांगणा, तोरिंग. दोन नावांसमोर तिने प्रश्नचिन्ह काढले होते, कारण ती फळे तिला आठवत नव्हती.